व्हिएतनामला आठ दिवस जातोय. तिथली कॉफी एवढी फेमस का आहे आणि नेमकी कोणती प्यावी?

मी पक्का चहावाला, तरी तिथे रोज दोन-दोन ग्लास कॉफी प्यायलोय, त्यामुळे सांगतो.

आधी एक लक्षात घ्या, ही कॅपुचिनोवाली कॉफी नाही. तिथे जास्त करून रोबस्टा जातीची कॉफी पिकते, अरेबिका या दुसऱ्या जातीपेक्षा कडू आणि कॅफिन जवळपास दुप्पट. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा करून संध्याकाळी दोन ग्लास मारले आणि रात्री तीन वाजेपर्यंत हॉटेलचा पंखा मोजत पडलो होतो. तर सकाळीच प्या.

सुरुवात 'का फे सुआ दा'ने करा. ग्लासात खाली बोटभर कंडेन्स्ड मिल्क (हो, आपलं मिल्कमेड असतं तसंच), वर 'फिन' नावाचा भोकाभोकांचा छोटा फिल्टर, आणि त्यातून कॉफी थेंब थेंब पडत राहते, पाच मिनिटं तरी. घाईत झाकण काढून आत डोकावू नका, मी डोकावलो, बोट भाजलं. सगळी उतरली की खालचं दूध ढवळायचं आणि बर्फावर ओतायचं. फ्रेंचांनी 1857 च्या सुमारास कॉफी तिथे नेली, पण त्या उकाड्यात ताजं दूध मिळायचं कुठे आणि टिकायचं कसं, म्हणून डब्यातलं दूध आलं ते कायमचंच. हनोईत हीच कॉफी हवी असेल तर 'नाऊ दा' म्हणा.

हनोईत असाल तर एग कॉफी सोडू नका. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन व्हान जांग यांनी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, त्यांचं कॅफे जांग अजून चालू आहे. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात. वास येईल म्हणून मी नाक मुरडत पहिला चमचा घेतला, तर चक्क कस्टर्ड! गार होऊ देऊ नका मात्र, मग अंडं जाणवायला लागतं.

बसायला आपल्या बाथरूममध्ये असतं तेवढं प्लास्टिकचं स्टूल मिळेल, गुडघे हनुवटीला लागतात. सायगॉनमध्ये (म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीत) कॉफीसोबत बर्फाचा चहा बऱ्याचदा फुकट येतो, बिलात लावतील म्हणून मी पहिल्यांदा परत पाठवला होता, तुम्ही पाठवू नका.