डिझेलची टाकी पुरताय? आधी वेल्डरला थांबवा

विट्याजवळच्या एका ट्रकमालकांचा प्रश्न आलाय. बंद पडलेल्या पंपाची १० हजार लिटरची टाकी त्यांनी भंगारातनं घेतली, यार्डात खड्डा काढला, डिझेल फक्त स्वतःच्या गाड्यांना वापरणार, विकणार नाहीत. शेजाऱ्याची विहीर जवळ आहे, त्याने तहसीलला अर्ज टाकला आणि नोटीस आली. पाहुणे म्हणतायत पाण्याची टाकी आहे असं लिहून द्या.

दादा, तसलं काही लिहू नका, सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा वेगळाच गुन्हा होतो, आणि मॅनहोल, पाइप बघून कोणीपण ओळखतंय ती कसली टाकी आहे.

विक्री नाही म्हणजे लायसन नको असं बरेचजण धरून चालतात, पण पेट्रोलियम कायदा १९३४ साठाच बघतो. डिझेल बी वर्गात येतं आणि कलम ७ ची सवलत एवढीच की एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत, तेही १००० लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नको. अर्धीच भरतो म्हणून चालणार नाही, कारण टाकीची क्षमता मोजतात. बॅरलमध्ये थोडं डिझेल ठेवणारा या सवलतीत बसतो ते वेगळं, तुमची १० हजार लिटरची टाकी बसत नाही. पकडलं तर डिझेलसकट टाकीपण जप्त होऊ शकते.

तुम्ही अजून डिझेल भरलेलं नाही, म्हणजे विनापरवाना साठ्याचा गुन्हा झालेला नाही, हीच तुमची बाजू. उत्तरात तेवढंच लिहा, टाकी रिकामी आहे, काम थांबवलंय, पंचनामा करून घ्या.

आणि टाकीवर काम करणाऱ्या वेल्डरला खरंच थांबवा. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं वाफ राहते, गॅस-फ्री सर्टिफिकेट (टाकीत पेटणारी वाफ उरली नाही असा दाखला) नसताना ठिणगी लागली तर माणूस जातो, मग पेट्रोलियम कायदा बाजूलाच राहील, तुमच्यावर सदोष मनुष्यवधापर्यंत जाईल.

कायदेशीर करायचं तर तेल कंपनीमार्फत कन्झ्युमर पंप, म्हणजे फक्त स्वतःच्या वापराचा पंप, मागा. नकाशाला पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) मंजुरी, कलेक्टरची एनओसी, टाकीची गळती चाचणी, गंजरोधक लेप, व्हेंट पाइप, सगळं आलं. रिकामी टाकी विहिरीच्या पाझराने वर उचलली जाते म्हणून ती खाली धरून ठेवायला अँकरपण लागतो. विहिरीत डिझेल गेलं तर शेजारी थेट पुण्याला हरित लवादात जाईल, भरपाई मागायला त्याला ५ वर्षं आहेत.

गाड्या थोड्या असतील तर डिझेल बाउझर (जागेवर येऊन डिझेल भरणारा टँकर) यार्डात मागवा, माझ्या मते तेच परवडेल. नोटिशीवरची मुदत आजच बघा, आणि येताना सातबारा, टाकीची पावती घेऊन या.