रिंग नेब्युला दिसतो, मग एम ७४ का नाही?

प्रश्न: माझ्याकडे ६ इंची डॉब (डॉब्सोनियन, आरशाची दुर्बीण) आहे, घोडबंदर रोडला आमच्या टॉवरच्या गच्चीवरून बघतो. रिंग नेब्युला (वायूचं कडं) ८.८ मॅग्निट्यूडचा (तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं अंधुक), तो मस्त दिसला. एम ७४ गॅलेक्सी ९.४ ची, म्हणजे थोडीशीच अंधुक, पण त्या जागी ठार काही नाही. आरसा हललाय का? की लाइट पोल्यूशनवाला फिल्टर घेऊ?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: आरशाला हात लावू नका, रिंग नीट दिसतेय ना, मग झालं. लोचा त्या मॅग्निट्यूडच्या आकड्यात आहे. तो सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला तर किती, एवढंच सांगतो. वाटीभर तूप एका भाकरीवर ओतलं तर थबथबतं, तेच अख्ख्या पंगतीला वाढलं तर बोटाला लागत नाही, तसं आहे हे. रिंग जेमतेम एक-सव्वा आर्कमिनिटाची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), एम ७४ दहाएक आर्कमिनिटांची, म्हणजे क्षेत्रफळ पन्नासपटीहून जास्त आणि प्रकाश उलट कमी, त्यात ठाण्याचं आकाश एलईडीने उजळलेलं, मग ती त्यात विरघळूनच जाणार ना. १७८० मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेशँने शोधलेली ही ३ कोटी प्रकाशवर्षांवरची स्पायरल (सर्पिल) गॅलेक्सी मेसिएच्या यादीतली (एम ७४ मधला ‘एम’ त्याचाच) सगळ्यात छळवादी समजतात, उगाच नाही फँटम गॅलेक्सी म्हणत. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने तर तिला तारकागुच्छात टाकलं होतं. (आणि ही तरी बरीच ठळक म्हणायची! मॅलिन १ नावाची अवाढव्य स्पायरल इतकी फिकी आहे की १९८६ पर्यंत कुणाला पत्ताच नव्हता.)

फिल्टरवर पैसे घालवू नका. तो नेब्युलाला उपयोगी, कारण नेब्युला ठरावीक रंगांतच चमकतो, गॅलेक्सीचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर तोही खाणार. मोठा स्कोप घेऊनही गच्चीवरचं आकाश काळं होत नाही.

त्यापेक्षा नोव्हेंबरच्या अमावस्येला मुरबाडच्या पुढे माळशेजकडे जा. मीन राशीतला ईटा तारा पकडा, तिथून पूर्वेला सव्वा-दीड अंश, आयपीस (डोळ्याकडचं भिंग) २५ एमएमचा, नजर किंचित बाजूला ठेवून स्कोपला हलकी टिचकी मारा, हललेलं अंधुक डोळ्याला लवकर कळतं. आधी मधला गोळा दिसेल, धुरकट. सर्पिल भुजांची अपेक्षा मात्र ६ इंचीकडून ठेवू नका, त्या जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या फोटोतच बघा.