फेजंटची फ्रेंच टेरीन पौष्टिक असते का?

फेजंट हा कोंबडीच्या कुळातला रानपक्षी, आणि टेरीन म्हणजे साच्यात शिजवून, थंड करून कापायचा मांसाचा पदार्थ. रानपक्ष्याचे मांस कमी चरबीचे असते, तेव्हा त्याची टेरीनही हलकी असेल, असे या प्रश्नामागे गृहीत धरलेले असते. पक्ष्यापुरते ते खरे आहे. कातडी काढलेल्या 100 ग्रॅम कच्च्या फेजंटमध्ये सुमारे 133 कॅलरी, 23 ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम चरबी असते. परंतु इतके कोरडे मांस नुसतेच भाजले तर ते भुसभुशीत होते, आणि म्हणूनच फ्रेंच स्वयंपाकी त्यात डुकराच्या पाठीची चरबी सढळ हाताने घालतात, शिवाय साच्याला आतून तिच्याच पातळ पट्ट्यांचे अस्तर लावतात.

माझ्या परिचयाच्या प्रमाणात अर्धा किलो फेजंटला 300 ग्रॅम चरबी आणि 100 ग्रॅम कोंबडीची कलेजी लागते. मिरी, जायफळ, लवंग, सुंठ आणि थोडी कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) घालून हे मिश्रण मुरवतात, झाकणाच्या साच्यात भरून तो साचा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भट्टीत शिजवतात, मग वर वजन ठेवून थंड करतात आणि एक-दोन दिवसांनी कापतात. (घाईने त्याच दिवशी कापली तर चव विस्कळीत लागते आणि कापही नीट पडत नाहीत.)

या घटकांचा हिशेब केला तर 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी, 32 ग्रॅम चरबी आणि 16 ग्रॅम प्रथिने पडतात. म्हणजे तीन चतुर्थांश ऊर्जा डुकराच्या चरबीतून येते आणि पदार्थाला नाव मात्र पक्ष्याचे मिळते. कलेजीमुळे जीवनसत्त्व अ, ब12 आणि लोह मिळते, ही जमेची बाजू आहे. मीठ किलोला 15 ग्रॅम धरले तर 50 ग्रॅमांच्या कापातून पाऊण ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि सोबतचा पाव व व्हिनेगरमधल्या बारीक काकड्या त्यात भर घालतात. दिवसाची शिफारस केलेली मर्यादा 5 ग्रॅम असल्याने, रक्तदाब असलेल्यांनी एका कापावर थांबावे, असे मला वाटते.

गर्भवतींनी मात्र ती टाळलेली बरी, कारण कलेजीतील जीवनसत्त्व अ जास्त झाल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो आणि थंड मांसपदार्थांत लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. पक्षी बंदुकीने मारलेला असेल, तर शिशाच्या छऱ्यांचे कण मांसात राहिलेले असू शकतात, म्हणून लहान मुलांनाही ती देऊ नये. बंदुकीने न मारलेल्या, पाळीव फेजंटच्या बाबतीत ही शेवटची अडचण येत नाही.