ब्रिज निसटला म्हणून फेव्हिकॉल काढू नका!

प्रश्न : आमचे काका मुंबईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ते गेल्यावर काकूने माळ्यावरची त्यांची गिटार मला दिली. मधे गोल भोकच नाहीये, व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं आहेत आणि पुढची बाजू पोटासारखी फुगलेली. गंजक्या तारा काढल्या तर ब्रिज टपकन हातात आला. फेव्हिकॉलने चिकटवू का? (एक वाचक, वसई)

उत्तर : अहो थांबा, काही तुटलेलं नाही! ही आर्चटॉप, म्हणजे कमानदार पोटाची गिटार. हिचा ब्रिज चिकटवलेला नसतोच, व्हायोलिनच्या घोडीसारखा नुसता तारांच्या दाबावर उभा असतो. साध्या गिटारीत तारा ब्रिजलाच अडकवलेल्या असतात आणि वरच्या फळीला ओढत राहतात, इथे त्या ब्रिजवरून जाऊन मागच्या टेलपीसला (गिटारीच्या बुडाशी तारा धरून ठेवणारी पट्टी) अडकतात, त्यामुळे ब्रिज खाली दाबला जातो आणि तो दाब पेलायला फळीला कमान लागते, तेच ते फुगलेलं पोट. परत बसवताना नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जेवढं अंतर तेवढंच पुढे मोजून तिथे ब्रिज ठेवा, जाड तारांकडची बाजू किंचित मागे, मग कानाने जुळवा. आणि पुढच्या वेळी तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम नाही.

आता खरी मजा. चांगल्या जुन्या आर्चटॉपचं पोट कोरलेलं असतं. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दोन जाड फळ्या मधोमध जोडायच्या, पटाशीने आणि अंगठ्याएवढ्या रंध्याने बाहेरून कमान काढायची, मग उलटं करून आतून पोखरायचं, मधे जाड आणि कडेला पातळ, आणि सारखं बोटाने टकटक करून ऐकत राहायचं, कारण एकदा जास्त गेलं की लाकूड काही परत येत नाही! निम्म्याहून जास्त फळी भुशातच जाते. ही कोरायची कल्पना ऑर्व्हिल गिब्सनची, १८९० च्या दशकातली, अमेरिकेतल्या कॅलामझूची. व्हायोलिनची भोकं गिटारीवर आणली ती त्याच्याच नावाच्या गिब्सन कंपनीच्या एल-५ या मॉडेलने, १९२२ मध्ये, कंपनीतल्या लॉइड लोअरच्या देखरेखीखाली. पुढे न्यूयॉर्कात जॉन डी'अँजेलिकोने १९३२ ते १९६४ या काळात स्वतःच्या छोट्या दुकानात हजाराच्या थोड्या वर गिटारी केल्या. बस्स, एवढ्याच.

तुमची कोरलेली आहे की प्लायवूड दाबून केलेली, ते बघायला भोकाच्या कडेवर टॉर्च मारा. थर दिसले तर प्लाय, लाकडाची वरची रेष तशीच सरळ आत उतरत असेल तर अख्खं लाकूड. मी एकदा जुन्या बाजारात यातच फसलोय, विकणाऱ्याने कडेला काळा रंग मारून ठेवला होता आणि मी बावळटासारखा 'वा, काय फिनिश' म्हणत पैसे मोजले.

प्रश्न : माझ्या आर्चटॉपचा आवाज टणक येतो आणि लगेच मरतो, मित्राच्या साध्या गिटारीसारखा घुमत नाही. खराब झालीये का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही हो, तिचा स्वभावच तो! बिगबँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांच्या, सुरुवातीच्या जमान्यात गिटारीला अ‍ॅम्प्लिफायर नव्हते, मग ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गोंगाटातून कॉर्ड (एकदम छेडलेले सूर) पलीकडे जायची तर ठोका टोकदार आणि तोकडाच हवा. गिटारवादक फ्रेडी ग्रीन काऊंट बेसीच्या जॅझ बँडात १९३७ पासून जवळजवळ ५० वर्षं फक्त ताल धरून बसला होता, अशाच गिटारींवर. एकट्याने खोलीत बसून कुरवाळायला घेतलीत तर ती कोरडीच वाटणार. जाड तारा लावून बघा, फरक कळेल.

प्रश्न : हिच्यावर आपलं शास्त्रीय वाजेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वाजलंय की! गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी गिब्सन सुपर ४०० ही आर्चटॉपच मांडीवर आडवी घेतली, तारा उचलून घेतल्या, चिकारी (तालासाठी छेडायची जास्तीची तार) जोडली आणि तारांवर सरकवायच्या स्लाइडने मींड काढली. विश्वमोहन भट्टांची मोहन वीणासुद्धा आर्चटॉपमधूनच घडलेली. पण तारा वाढवल्या की पोटावरचा दाबही वाढतो, तेव्हा जुन्या वाद्यावर स्वतः प्रयोग नको, कारागिराला दाखवा.

जाता जाता, पॉलिश मारून नवीकोरी करायच्या भानगडीत पडू नका, मूळ व्हार्निश गेलं की किंमतही जाते. आणि पिकगार्ड (नखीच्या ओरखड्यांपासून पोट वाचवणारी पट्टी) पिवळा पडून चुरा होत असेल तर तो तेवढा काढून लांब ठेवा, सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक सडलं की त्याच्या वाफेने शेजारचं धातूकाम गंजतं.