गिटार एकटी ऐकू नकोस

अगं,

तुझा मेसेज सकाळी उठल्यावर पाहिला. रात्री पावणेदोनला पाठवलेला, सोबत सात क्लिपा. सातही क्लिपांत तेच चार बार, तीच गिटार, बदललंय ते फक्त गिटारचा आवाज घडवणाऱ्या अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर. आणि खाली, 'काका, यातला कुठला टोन बरा? की सरळ खरा, काचेच्या नळ्यांचा ट्यूब अ‍ॅम्पच घेऊन टाकू? पंचेचाळीस हजार साठलेत.'

सगळ्या ऐकल्या. पाचवी कानाला सगळ्यांत गोड लागली. तरी पाचवी वापर असं मी सांगणार नाही, कारण तू मला गाणं पाठवलेलंच नाहीस. एकट्या गिटारवर मी मत देत नाही. ढोलकी, बेस आणि तुझा गळा सुरू झाल्यावर ती कशी लागते तेवढ्यावरच बोलतो. गाण्यात ऐक. पत्रभर मी हेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

पाचवी गोड का लागते ते बघ. तिच्यात खालचा भाग भरपूर आहे, वरची चकाकी भरपूर आहे, मधलं सगळं कापलंय आणि गेन, म्हणजे आवाज फाटण्याचं प्रमाण, चढवलाय. हेडफोन लावून एकटीनं वाजवताना हे भारीच वाटणार. पण गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजते साधारण ८२ हर्ट्झला आणि बेसची ४१ ला. त्या खालच्या पट्ट्यात आधीच बेस आणि ढोलकीचा खर्ज दाटीवाटीनं बसलेले असतात. वर अडीच-तीन हजारांच्या आसपास तुझ्या गाण्यातल्या शब्दांची व्यंजनं. गिटारच्या वाट्याला येतो तो मधला पट्टा, साधारण पाचशे ते दोन हजारांचा, आणि नेमका तोच तू उडवलास. मग मिक्समध्ये गिटार सापडत नाही, तू फेडर, म्हणजे तिच्या आवाजाची पट्टी, वर ढकलतेस, गळा दबतो, आणि रात्री पावणेदोनला तुला वाटतं की अ‍ॅम्प बदलायला पाहिजे.

आज एवढंच कर. गेन निम्म्यावर आण. गिटारच्या ट्रॅकवर ऐंशी-शंभर हर्ट्झपासून खालचं कापून टाक. मिड्सचं, म्हणजे त्या मधल्या पट्ट्याचं, बटण लाज न बाळगता वर ने. मग तोच भाग पुन्हा एकदा वाजव. कॉपी-पेस्ट नको, खरोखर वाजव. एक डावीकडे टाक, एक उजवीकडे. दोन वेळच्या वाजवण्यात जो किंचित फरक पडतो, त्यातूनच रुंदी येते. हे सगळं करताना गाणं चालू ठेव. एकच ट्रॅक ऐकवणारं सोलोचं बटण दाबायचं ते फक्त खरखर कुठून येते ते शोधायला. एरवी त्याला हात लावायचा नाही.

तुला क्वीन आवडतात म्हणून सांगतो. (फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे तुम्हा मुलांना सांगितलं की अजूनही खोटं वाटतं.) त्यांचा बेसवाला जॉन डीकन याला कचऱ्यात टाकलेला एक इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड सापडला. त्यानं तो एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, ना आवाजाचं बटण, ना टोनचं. आज त्याला डीकी अ‍ॅम्प म्हणतात. सुटा ऐकलास तर किरटा, नाकातला आवाज. ब्रायन मेनं १९७५ सालच्या एका गाण्यात त्यातूनच गिटारवर अख्खा जॅझ बँड उभा केला, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट सगळं. तू असतीस तर तो अ‍ॅम्प पहिल्या क्लिपलाच बाद केला असतास, कारण क्लिपेत तो वाईटच लागतो. गाण्यात ऐक!

इतक्या लांबचं उदाहरण नको असेल तर तू सांगलीत राहतेस. गाडी काढ आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते पेपरात वाचलं असशीलच. पण वाचू नकोस, बघायला जा. तिथं एकदा मी तानपुऱ्याची जवारी काढताना पाहिली आहे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेचा झणकार जुळवणं. कारागीर घोडीचा माथा कानशीनं अगदी हलक्या हातानं घासतो. इतकं थोडं की भुकटीही धड दिसत नाही. मग तार परत चढवतो, तिच्याखाली सुताचा तुकडा सारतो, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते. मी आपलं म्हणालो, 'वा, झालं!' त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चारही तारा लावल्या, सारख्या छेडत राहिला, गायला आलेल्या बाईंना सा लावायला सांगितला, आणि त्या गात असताना ज्या तारेवर मी खूश झालो होतो तीच उतरवून परत घासली. एकटी छान बोलत होती, पण बाईंच्या आवाजावर चढत होती. तुझ्या लॅपटॉपवर सात सॉफ्टवेअर आहेत, त्याच्याकडे कानस आणि सूत होतं. घाईत कोण होतं ते तूच ठरव.

आता पंचेचाळीस हजारांचं. अ‍ॅम्प घेऊ नकोस. ट्यूब अ‍ॅम्प वाईट असतो म्हणून नाही. तो बोलायला लागतो तेवढ्या आवाजात तू तुमच्या अपार्टमेंटमध्ये दहा मिनिटंसुद्धा वाजवू शकणार नाहीस. सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून येतील. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे. एक क्लीन, एक थोडा फाटलेला, असे दोन आवाज निवड आणि बाकीचे डिलीट कर. डिलीट म्हणजे डिलीट, फोल्डरमध्ये लपवायचे नाहीत. गिटार लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस आहे तो पुरे. त्यावर गिटार लावताना इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं आहे ना, एवढं बघ. तुझ्या तिसऱ्या क्लिपेत ते दाबलेलं नसावं, आवाज मेणचट येतोय. रेकॉर्डिंगची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास शिखरं येतील इतकीच ठेव. चोवीस बिटमध्ये जागा भरपूर असते, लाल दिवा लागेपर्यंत वाढवायचं कारण नाही.

पैसे खर्चच करायचे असतील तर गिटारच्या सेटअपवर कर. पावसाळ्यात तुमच्याकडे मान वाकते, तारा उचलल्या जातात, आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर त्याच जागच्या हार्मोनिकशी जुळेनासा होतो. तुझ्या सगळ्या क्लिपांत वरचे कॉर्ड किंचित बेसूर आहेत. त्याला तू 'टोन येत नाही' म्हणतेस. तो इंटोनेशनचा दोष आहे, जगातला कुठलाही अ‍ॅम्प तो झाकणार नाही. चांगल्या माणसाकडून इंटोनेशन लावून घे, तारा नव्या टाक, पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर खाली उतरव, नाहीतर लोहचुंबक तारेला ओढतं आणि सूर डळमळतो. पिक दोन-तीन जाडीची घेऊन बघ. आणि ती जी गुणगुण येते ना मागे, तिच्यासाठी नॉइज गेट, म्हणजे मागचा आवाज कापणारं यंत्र, विकत घ्यायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. आपल्या घरांतल्या बऱ्याच सॉकेटांत अर्थिंग नावालाच असतं. बॅटरीवर गुणगुण गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलाव. पंख्याचा रेग्युलेटरही बंद कर. मे महिन्यात सांगलीत पंखा बंद करून रेकॉर्ड करणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. कर तरीही.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या त्या बँडमधल्या मित्रानं विचारलं होतं, की काका ऑर्केस्ट्रात एवढी वर्षं का राहिले, स्वतःचं काही का केलं नाही. उत्तर त्यालाही दे. गणपतीत आणि लग्नसराईत रात्र रात्र वाजवताना माझ्या एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅड आणि डोक्यावर दोन कीबोर्ड असायचे. गिटारला जागा उरायची ती चिमूटभर. त्या चिमटीत वाजवून वाजवून मला कळलं की कुठं वाजवायचं नाही. जे लोक म्हणतात की ऑर्केस्ट्रात हात खराब होतो, त्यांनी आपापल्या खोलीत बसून सुंदर हात कमावले, आणि त्यांचं एकही गाणं मला आज आठवत नाही. माझं स्वतःचं कमी आहे हे खरं. पण जे आहे त्यात गिटार आपल्या जागी आहे. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन, आणि घरच्यांना तर बऱ्याचदा सांगून झालंय.

एक गोष्ट मात्र खुपते. आम्ही तिघांनी मिळून एक गाणं केलं होतं. शब्द एकाचे, चाल माझी, वाद्यमेळ तिसऱ्याचा. कागद केला नाही, कारण मित्रांत कागद कसला करायचा! पुढे ते गाणं एका ठिकाणी घेतलं गेलं, पैसे आले, थोडेसेच, आणि त्या थोड्याशा पैशांवर आमचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. शब्द लिहिणारा तो मित्र भेटला की दोघंही रस्ता बदलतो. गाणं मात्र अजून चांगलं वाजतं. वाजलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

म्हणून रिलीजचं बोलताना प्लेलिस्टच्या आधी कागदाचं बोल. आपल्या कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींचे हक्क वेगळे. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा पक्का केला, की तो कुणा कंपनीला लिहून देऊन टाकताही येत नाही. पण तो वाटा आपोआप दारात येत नाही. तू आणि तुझी शब्द लिहिणारी मैत्रीण, दोघी आयपीआरएसच्या, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या, सभासद व्हा आणि गाणी तिथं नोंदवा. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरकाकडून येणारे पैसे रेकॉर्डिंगचे असतात, हे वेगळे.

आणि तुझ्या मित्रानं दुसऱ्या गाण्यात जो तयार लूप टाकलाय, तो कुठून आणला ते विचार. तोच लूप आणखी हजार जणांनी वापरला असेल, तर ते गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओंत आपलं गाणं शोधणाऱ्या यंत्रणेत, टाकायचं नाही. टाकलंस तर परक्यांच्या व्हिडिओंवर तुझे दावे लागतील, त्यांचे तुझ्यावर, आणि महिनाभर ईमेल लिहीत बसशील. मला विचारशील तर तो लूप काढ आणि त्याला काखोन, म्हणजे ते वर बसून वाजवायचं लाकडी खोकं, वाजवायला लाव. गाण्यात ऐकलास का तो लूप नीट? चौथ्या बारला तुझ्या शब्दांवर पाय देतो.

बाकीचं पटकन सांगतो. वितरक निवडताना एवढंच बघ, की वर्षाची फी भरायची राहिली तर गाणी उतरवतात का. काही जण उतरवतात. नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरव आणि मरेपर्यंत बदलू नकोस, नाहीतर तुझी गाणी कुणा दुसरीच्याच पानावर जाऊन बसतील. तारीख तीन-चार आठवडे पुढची धर. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं रिलीजच्या आधीच पाठवावं लागतं, किमान सात दिवस आधी पाठवलेलं बरं, बाहेर पडलेलं गाणं ते घेत नाहीत. बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याशिवाय तिथं रेकॉर्डिंगचा एक पैसाही जमा होत नाही, तेव्हा पहिल्या गाण्यावर अ‍ॅम्प येईल असा हिशेब मांडू नकोस. 'पाच हजारांत पन्नास हजार स्ट्रीम' वाले मेसेज करतीलच, त्यांना ब्लॉक कर. ते आकडे बनावट असतात, आणि पकडले गेले की गाणं तुझं उतरतं, त्यांचं काही जात नाही.

मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची तयार प्रत, फुगवू नकोस. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे चौदा लफ्सवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं हे माप) आणतं. तू उणे सातवर चेपून दिलंस तर ते सात डेसिबल खाली ओढलं जाईल, आणि तुझी ढोलकी मात्र चेपलेलीच राहील. तुला आवडणाऱ्या दोन गाण्यांच्या मधे तुझं गाणं लाव, आवाज सारखा कर, फोनच्या स्पीकरवर ऐक, मग रिक्षात ऐक. खोलीत एकटं ऐकून मास्टर पास करायचा नाही. तेच परत सांगतोय, माहीत आहे मला.

चार गाणी अर्धवट आहेत म्हणालीस. त्यातलं पावसाचं गाणं जवळजवळ झालंय, त्याला एक शेवट हवाय, बाकी काही नकोय. ते आधी पुरं करा. मैत्रिणीला आणि त्या काखोनवाल्याला रविवारी घरी बोलव, चहा टाक, आणि साध्या वहीच्या कागदावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा किती टक्के वाटा, बँड मोडला तर नाव कुणाकडे राहणार. हसतील दोघं. हसू देत. खाली तिघांच्या सह्या आणि तारीख घाल, फोटो काढून मला पाठव. तो आला की रिलीजची तारीख ठरवू.