खिंड कोणी लढवायची, खिंडीत कोणाला गाठायचं?

‘खिंड लढवणे’ आणि ‘खिंडीत गाठणे’ यांतली खिंड एकच का, आणि तिथे ‘घाट’ का चालत नाही, असा प्रश्न आला आहे.

घाटाचं आधी उरकतो. घाट म्हणजे चढ-उताराची सबंध वाट. तिला माथा असतो, पायथा असतो. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली चिंचोळी फट. ‘खिंडार’ याच कुळातलं.

हा फरक उंबरखिंडीइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्ताखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान लोणावळ्याजवळचा कुरवंड्याचा घाट उतरला. घाट निभावला, पण खाली चावणीच्या बाजूला दाट झाडीतल्या खिंडीत तो शिरला आणि शिवाजी महाराजांच्या फौजेने पुढचं-मागचं तोंड बंद केलं. शेवटी त्याच्याच फौजेतल्या रायबागन या सरदार बाईच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामानसुमान तिथेच टाकून सुटला. खिंडीत गाठणं म्हणतात ते हे.

लढवणं याच्या नेमकं उलट. आदल्याच पावसाळ्यात, जुलै १६६० मध्ये, महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. पाठीवर आदिलशाही सरदार सिद्दी मसूद. गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे थोडक्या मावळ्यांनिशी उभे राहिले. महाराज गडावर पोचेपर्यंत वाट अडवून धरायची, एवढंच काम. ते झालं, बाजीप्रभू पडले, आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली. मराठी माणसाला ‘खिंड लढवणे’ म्हटलं की हीच आठवते, म्हणून पुष्कळजण वाक्प्रचाराचा जन्मही तिथलाच सांगतात. मला तेवढी घाई करवत नाही. ‘किल्ला लढवणे’ही आपण म्हणतोच, आणि अरुंद जागी थोड्यांनी पुष्कळांना थोपवणं ही डोंगराळ मुलखातली जुनीच रीत.

म्हणजे जागा एकाच जातीची, बाजू मात्र वेगळ्या: गाठणारा दबा धरून बसलेला, लढवणारा वाट अडवून उभा. ‘निवडणूक लढवणे’मध्ये कोणीही उतरतो, पण किल्ला किंवा खिंड लढवतो तो राखणारा. म्हणून शेवटच्या जोडीने दिवसभर खेळून सामना वाचवला तर तिने खिंड लढवली हे चोख मराठी. ‘विरोधकांनी खिंड लढवून सत्ता हिसकावली’ असा मथळा मात्र चुकीचा. हिसकावायला निघालेला माणूस खिंडीच्या पलीकडच्या बाजूला असतो.