मीटर 12.6 दाखवतो, मग गाडी चालू का होत नाही?

प्रश्न : कारची बॅटरी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट दाखवते, पण सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज येतो. बॅटरी चांगली धरायची का?

इतक्यात धरू नका. नुसतं मोजलेलं व्होल्टेज बॅटरी किती भरली आहे ते सांगतं, तिच्यात दम किती उरलाय ते नाही. प्लेटांवर सल्फेट बसलेली जुनी बॅटरीही तिच्यावर काही भार नसताना 12.6 दाखवते. म्हणून ताण देऊन मोजा. मीटरच्या पिना शिशाच्या टर्मिनलवर टेकवा, त्यावरच्या क्लॅम्पवर नको, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 9.6च्या खाली घसरला तर बॅटरी थकली.

आकडा 12च्या वरच राहिला तर मात्र बॅटरीला दोष देऊ नका. आता एक पिन टर्मिनलवर, दुसरी त्याच टर्मिनलच्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारायला लावा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. एखादा व्होल्ट दिसला, तर मधे पांढरी-हिरवी पूड साचलेली असते. क्लॅम्प काढून घासा, घट्ट आवळा. हे न पाहता नवी बॅटरी घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. इथेही शून्यच आलं, तर केबल आणि स्टार्टर मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न : रात्री गाडी बंद केल्यावर 13.1, सकाळी 12.4. बॅटरी गळते का?

सकाळचाच आकडा खरा. चार्जिंग थांबल्यावर वरवरचा चार्ज काही तास टिकतो. 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 मिळतात का बघा. मिळत नसतील तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) तपासून घ्या.

प्रश्न : इन्व्हर्टरची बॅटरी कितीही चार्ज केली तरी 10.5च्या पुढे जात नाही.

एक सेल, म्हणजे बॅटरीतला एक कप्पा, गेलेला दिसतो. सहा सेल, प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्ट, एक वजा केला की हाच आकडा उरतो. हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) प्रत्येक सेलमध्ये बुडवून पाहा. पाच ठिकाणी 1.250च्या आसपास आणि एकात 1.100 आलं, तर डिस्टिल्ड वॉटर टाकून ती सुधारणार नाही. बदला.

प्रश्न : बॅटरीला पिना लावताच ठिणगी उडाली, मीटरचा फ्यूज गेला.

लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात होती. तिथून मोजणं म्हणजे बॅटरी थेट शॉर्ट करणं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे हे फार धोक्याचं आहे. लाल वायर ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात, काळी ‘कॉम’मध्ये, नॉब डीसी 20वर. पिना टेकवण्याआधी दर वेळी हे बघून घ्या.